हळदीत बेस सुरू झाला की क्यू ऐकू येत नाही, डीजेसाठी हेडफोन कोणता घ्यावा?

घणसोली_डेक

नमस्कार मंडळी. घणसोली, गोठिवली, राबाडे या पट्ट्यात हळदी आणि सोसायटीचे कार्यक्रम वाजवतो. कंट्रोलर (गाणी मिसळायचं यंत्र) डीडीजे-४००, लॅपटॉपवर रेकॉर्डबॉक्स सॉफ्टवेअर. हेडफोन सध्या गाणी ऐकायचा साधा ब्लूटूथवाला आहे, त्यालाच वायर लावून काम चालवतो.

घरी सगळं जुळतं. मांडवात बेसचे डबे सुरू झाले की क्यूमध्ये, म्हणजे बाहेर वाजण्याआधी फक्त हेडफोनवर ऐकायच्या पुढच्या गाण्यात, ठोका सापडत नाही. हेडफोनचा आवाज पूर्ण वाढवला तर फाटतो. कानात जुळलंय असं वाटून फेडर (गाणं बाहेर सोडणारी सरकती कळ) वर केला की बाहेर एकाऐवजी दोन ठोके लागोपाठ ऐकू येतात.

बजेट दहा हजारांच्या आसपास, खरंच फरक पडणार असेल तर थोडं वर जाईन. ओहम (हेडफोनचा विद्युत रोध) किती बघायचे? ५० मिमीचा ड्रायव्हर (कपातला छोटा स्पीकर) ४० पेक्षा चांगला असतो का? नॉइज कॅन्सलिंगवाला घेतला तर प्रश्न सुटेल का? चष्मा लावतो, तेही सांगून ठेवतो.

नौपाडा_साउंड

भाऊ, तुमच्या पोस्टमध्ये दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यातलं एक नवीन हेडफोनने जाणार नाही. ते आधी घेतो.

दोन ठोके ऐकू येतात ते अंतरामुळे. आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. मांडवात टॉप (वरच्या सुरांचे स्पीकर) आणि बेस पाहुण्यांकडे तोंड करून पुढे लावलेले असतात, तुम्ही टेबलावर मागे. मधलं अंतर १५ मीटर धरलं तर तुमच्या कानापर्यंत बाहेरचा ठोका ४० मिलिसेकंदांहून जास्त उशिरा पोचतो. १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ ठोके) एक ठोका ४६९ मिलिसेकंदांचा, म्हणजे तुम्ही जवळजवळ एक दशांश ठोका मागे जुळवताय. एका कानात हेडफोन आणि दुसऱ्या कानाने लांबचा स्पीकर ऐकून जुळवलं की हे होणारच, हेडफोन कितीही महागाचा असो.

यावर दोन उपाय आहेत. टेबलाजवळ, एक-दोन मीटरवर, छोटा मॉनिटर लावायचा आणि तोच ऐकायचा. तेवढी सोय नसेल तर चालू गाणं आणि पुढचं गाणं दोन्ही हेडफोनमध्येच ऐकायची. डीडीजे-४०० वर हेडफोन्स मिक्सची कळ आहे. एका टोकाला फक्त क्यू, दुसऱ्या टोकाला फक्त मास्टर, म्हणजे बाहेर जाणारा आवाज. ती मध्यावर आणा, दोन्ही कप कानावर ठेवा आणि बाहेरच्या स्पीकरकडे पूर्ण दुर्लक्ष करून जुळवा. जुळलं की कळ थोडी मास्टरकडे ढकलून एकदा खात्री करा, मगच फेडर.

याचमुळे हळदीसाठी हेडफोन निवडताना दोन्ही कान नीट झाकले जाणं हा पहिला निकष. बाहेरचा आवाज जितका कमी आत येईल तितकं हे मध्यावरचं ऐकणं सोपं.

आता दुसरं दुखणं. बंद कपाचा हेडफोन वरचे आणि मधले सूर चांगले अडवतो, पण खालचा बेस फारच कमी अडवतो. १८ इंची डब्यांसमोर उभं राहिलात तर तो बेस छातीतून, जबड्यातून, टेबलाच्या फळीतूनही येतो. तो थांबवणारा हेडफोन बाजारात नाही. म्हणून किकच्या, म्हणजे मोठ्या ड्रमच्या, दणक्यावर जुळवायचा हट्ट सोडा. किकच्या सुरुवातीचा 'टक्', टाळी, स्नेअर, हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांज) यांवर जुळवा. क्यूचा आवाज फेडरच्या आधी पण ईक्यूच्या (लो, मिड, हाय सुरांच्या कळांच्या) नंतर घेतलेला असतो, त्यामुळे येणाऱ्या गाण्याचा लो खाली केलात की हेडफोनमध्येही चिखल कमी होतो आणि हॅट उठून ऐकू येते. गाणं आत घेताना लो खाली ठेवायचाच असतो, तेव्हा ही सवय दोन्हीकडे कामाला येते.

फाटण्याचं म्हणाल तर आधी ट्रिम (चॅनलमध्ये येणाऱ्या सिग्नलची कळ) बघा. चॅनलचा मीटर लाल जात असेल तर सिग्नल हेडफोनपर्यंत यायच्या आधीच कापला गेलाय. मीटर हिरव्याच्या वरच्या टोकाला आणि पिवळ्यात ठेवूनही फाटत असेल तर मग हेडफोनची संवेदनशीलता कमी पडतेय. डीडीजे-४०० यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालतो, हेडफोनसाठी त्याच्याकडे फार ताकद उरत नाही.

इथेच तुमचा ओहमचा प्रश्न येतो. नुसत्या ओहमवरून आवाज किती निघेल हे कळत नाही. सोबत डेसिबलचा आकडा लागतो, आणि तो कंपन्या दोन तऱ्हेने छापतात: एक मिलीवॉटला किती, किंवा एक व्होल्टला किती. कंट्रोलर व्होल्टेज देतो, म्हणून तुलना व्होल्टवर करायची. मिलीवॉटचा आकडा असेल तर ३२ ओहमला त्यात १५ मिळवा, ६४ ओहमला १२, २५० ओहमला ६. ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स ३८ ओहमचा, त्यावर ९९ डेसिबल छापलंय. ते व्होल्टवर आणलं की साधारण ११३. सेनहायझर एचडी २५ आहे ७० ओहमचा, पण एक व्होल्टला १२०. म्हणजे ओहम जवळजवळ दुप्पट असूनही त्याच कळीवर एचडी २५ सात डेसिबल मोठा वाजतो. 'ओहम जास्त म्हणजे आवाज कमी' हे दुकानात सर्रास सांगतात, ते असं अर्धवट आहे. २५० ओहमचे स्टुडिओवाले मात्र या कंट्रोलरला लावू नका, त्यांना लागणारं व्होल्टेज हा देऊ शकत नाही.

ड्रायव्हरच्या मिमीवर निवड करू नका. कपाची बंदिस्ती आणि गादी चांगली असेल तर ४० मिमीत भरपूर येतं. ५ ते ४०,००० हर्ट्झ असे आकडेही सोडून द्या, माणसाचा कान २० ते २०,००० चा, तोही तरुणपणी.

नॉइज कॅन्सलिंग नको. ते विमान, एसी अशा सलग घरघरीसाठी केलेलं असतं. डब्यांजवळच्या दाबाला त्याचे माईक भरून जातात आणि आतच गुरगुर किंवा दबका धक्का ऐकू येतो. वर बॅटरी संपण्याची टांगती तलवार.

ब्लूटूथ हेडफोनला वायर लावल्याबद्दल: काही मॉडेलांत वायर लावली तरी आवाज आतल्या डिजिटल सर्किटमधूनच जातो आणि थोडा उशीर राहतो. ओळखायची खूण सोपी. हेडफोन बंद करून वायर लावा. तरीही वाजला तर वायर थेट ड्रायव्हरला जातेय. चालू केल्याशिवाय वाजतच नसेल तर डीजेच्या कामातून तो बाद. निव्वळ ब्लूटूथवर साध्या कोडेकला (आवाज पाठवायच्या पद्धतीला) उशीर १५० ते २५० मिलिसेकंदांचा असतो. प्ले दाबल्यावर अर्ध्या ठोक्याने आवाज आला तर हात कशाच्या भरवशावर चालवायचा?

माझं मत: हळदीच्या कामाला एचडी २५. १९८८ पासून चालत आलेलं मॉडेल, वजन १४० ग्रॅमच्या आसपास, आणि गादी, वायर, पट्टा, कप असा प्रत्येक भाग सुटा मिळतो आणि घरी बसवता येतो.

ऐरोली_मिक्स

वरच्या उत्तरातलं अंतराचं गणित प्रत्येकाने लिहून ठेवावं असं आहे. एचडी २५ वर मात्र थोडं थांबा, कारण प्रश्न विचारणाऱ्याला चष्मा आहे.

एचडी २५ कानावर बसतो, कानाभोवती नाही. बाहेरचा आवाज तो अडवतो तो घट्ट दाबून. तो दाब कानाची पाळी चष्म्याच्या काडीवर चेपतो. पहिली दहा मिनिटं काहीच वाटत नाही, तासाभरानंतर कानामागे ठणका लागतो. त्याचा वरचा पट्टा दोन फांद्यांचा आहे, फांद्या फाकवल्या की पकड थोडी बदलते, पण मूळ दाब जात नाही.

कानाभोवती बसणारे, म्हणजे एम५०एक्स किंवा पायोनियरचा एचडीजे-एक्स५, यांत दुखणं कमी, पण चष्म्याची काडी गादी आणि डोक्यामध्ये फट पाडते. त्या फटीतून हेडफोनचा बेस बाहेर जातो आणि बाहेरचा गोंगाट आत येतो. जाड प्लास्टिकची काडी असेल तर फरक लगेच कळतो. बारीक धातूची काडी असलेला चष्मा कार्यक्रमासाठी वेगळा ठेवलात तर दोन्ही जातींच्या हेडफोनला फायदा होईल. हेडफोनच्या मॉडेलवर खल करण्याआधी हे करा, खर्चही कमी.

दुकानात तपासताना:

मोबाईलवर आपल्या ओळखीचं, कमी कॉम्प्रेस केलेलं गाणं घेऊन जा. वाशी असो की लॅमिंग्टन रोड, दुकानदाराच्या गाण्यावर निर्णय घेऊ नका, ते गाणं त्या हेडफोनला शोभेल असंच निवडलेलं असतं.

हेडफोन घालून गाणं मध्यम आवाजात लावा आणि दोन्ही कप हातांनी हलकेच आत दाबा. बेस एकदम वाढला तर तुमच्या डोक्यावर तो नीट बसत नाही, फट आहे. चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय दोन्ही करून बघा.

मान खाली घालून जॉगकडे (कंट्रोलरच्या फिरत्या चाकाकडे) बघतो तसे वाका, डावी-उजवीकडे झटका द्या. एम५०एक्स २८५ ग्रॅमचा आहे, वाकल्यावर पुढे घसरतो का ते पाहायलाच हवं.

एक कप मागे वळवून दुसरा कप खांदा आणि कानामध्ये धरा. पट्ट्याच्या सांध्यातून कर्र आवाज येत असेल तर तोच सांधा पुढे तुटणार. डीजेच्या हेडफोनमध्ये ड्रायव्हर क्वचित जातो. जातो तो सांधा, नाहीतर वायर.

शेवटी किमान वीस मिनिटं घालून दुकानात उभे राहा. दुकानदार घाई करेल, करू द्या.

वायर सुटी होणारी हवीच. एम५०एक्सची कपाकडची पिन २.५ मिमीची आणि फिरवून लॉक होणारी आहे. बाजारातली साधी २.५ मिमी वायर आत जाते पण लॉक होत नाही, कार्यक्रमात ओढ बसली की निघते. एक्स५ ला मिनी एक्सएलआर पिन आहे, ती घट्ट बसते. सोनीचा एमडीआर-७५०६ आवाजाला फार स्वच्छ, पण वायर कायमची जोडलेली आणि कप वळत नाहीत, तो घरी गाणी बनवायला ठेवा. वायर गुंडाळीची घ्या. एम५०एक्स आणि एक्स५ दोन्हींत १.२ मीटरची गुंडाळी येते, ती ३ मीटरपर्यंत ताणते. सरळ ३ मीटरची वायर टेबलाखाली पायात येते.

खारीगाव_बेस

कोणीतरी म्हणेलच की ठोके आपोआप जुळवणारं सिंक बटण असताना हेडफोनवर एवढा खर्च कशाला, म्हणून आधीच लिहितो. हळदीत जुनी कोळीगीतं आणि आगरी गाणी लागतातच. ती बरीचशी ढोलकी, बेंजो प्रत्यक्ष वाजवून रेकॉर्ड केलेली, मेट्रोनोमशिवाय. गाण्याच्या सुरुवातीचा वेग आणि शेवटचा वेग एक नसतो. सॉफ्टवेअर सगळ्या गाण्यावर सारखी जाळी (समान अंतरावरच्या ठोक्यांच्या खुणा) टाकतं, सोळा-वीस ठोक्यांनी जाळी एकीकडे आणि ढोलकी दुसरीकडे. तिथे कानच लागतो.

दुसरं, कानाची काळजी. कामाच्या ठिकाणच्या आवाजाबद्दल अमेरिकेच्या एनआयओएसएच या सरकारी संस्थेचा मापदंड असा की ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तास चालेल, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ९४ डेसिबलला १ तास, १०० ला १५ मिनिटं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावरचा स्पीकर रात्री १० ला बंद, म्हणजे सातला सुरू केलीत तरी हळद तीन तास. तेवढ्यात ९४ डेसिबलवरही तिप्पट भार होतो, आणि डब्यांजवळ आवाज त्याहून वर असतो. क्यू चढवायचा तो जुळवण्यापुरता, मिनिटभर. फेडर वर गेला की हेडफोनची कळ खाली. एक कान मोकळा ठेवून वाजवत असाल तर त्या कानात संगीतासाठीचा इअरप्लग घाला. साधा फोमचा वरचे सूर जास्त खातो, त्याने हॅटच ऐकू येईनाशी होते.

घणसोली_डेक

मंडळी, मनापासून आभार. कालच्या कार्यक्रमात मिक्सची कळ मध्यावर ठेवून बघितली, दोन ठोक्यांचा प्रकार जवळजवळ गेला. ट्रिमही लालमध्येच होता, तो खाली घेतला.

आता दोन गोष्टी. जुना एचडी २५ मिळतोय, नव्याच्या निम्म्यात. एका बाजूला कधीकधी खरखर आहे आणि गाद्यांचे काळे पापुद्रे निघालेत. घ्यावा का? आणि आमच्याकडे खाडीच्या हवेत गाद्या टिकतच नाहीत, त्यावर काही?

सोल्डर_कळवा

घ्यायला हरकत नाही, पण मल्टीमीटर घेऊन जा. पाच मिनिटांचं काम आहे.

मीटर ओहमवर ठेवा. पिनचं टोक म्हणजे डावा कान, मधली कडी उजवा, बुडाकडचा भाग अर्थ. टोक ते बूड आणि कडी ते बूड, दोन्ही मोजा. आकडा छापील ओहमच्या थोडा खाली येतो, ते बरोबर. महत्त्वाचं हे की दोन्ही बाजूंचे आकडे एकमेकांच्या दोन-तीन ओहममध्ये हवेत. सळया टेकवताना कानात बारीक 'टिक्' ऐकू येतो, तीही ड्रायव्हर जिवंत असल्याची खूण. शून्याजवळ आला तर शॉर्ट, काहीच दाखवत नसेल तर वायर तुटलेली.

खरखरीचं मूळ शोधायला मीटर लावून ठेवा आणि वायर वाकवत जा. आधी पिनेजवळची दोन इंच, मग कपाजवळची. आकडा जिथे उडतो तिथे तुटलंय. बहुतेक वेळा पिनेजवळच सापडतं. एचडी २५ ला कपाकडे दोन काड्यांचे छोटे प्लग असतात, ते काढून डावा-उजवा अदलाबदल करा. खरखर दुसऱ्या कानात गेली तर दोष वायरचा, नवी वायर टाकली की झालं. त्याच कानात राहिली तर दोष कपाचा किंवा काड्यांच्या भोकांचा. मग भाव अजून पाडा किंवा सोडून द्या.

पिन स्वतः बदलणार असाल तर: तुटल्या जागेच्या पुढे दोन इंच वायर कापून टाका. नव्या पिनेची टोपी आधी वायरीत ओवा, मग सोल्डरिंग करा. हे विसरून सगळं पुन्हा उकलावं लागतं, नवख्यांचं हटकून होतं. हेडफोनच्या आतल्या तारा केसाएवढ्या बारीक असतात, त्यांवर रंगीत लाख असते आणि मध्ये दोरा. लाख निघाल्याशिवाय टाका धरत नाही. वरून पकडल्यासारखा दिसतो, पण आत जोड नसतो. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर कथलाचा थेंब घ्या आणि तारेचं टोक त्यात तीन-चार सेकंद बुडवून ठेवा. धूर येतो, लाख जळते, तार चंदेरी होते. तांब्याच्या रंगाच्या बिनरंगी तारा अर्थच्या, दोन असतील तर दोन्ही एकत्र पिळा. लाल सहसा उजवा, पण रंगावर विसंबू नका, मीटरने खात्री करा.

जोडून झालं की फक्त बोलण्याचा मोनो आवाज लावा. तो डोक्याच्या मधोमध यायला हवा. पोकळ, डोक्याबाहेर पसरल्यासारखा वाटला आणि बेस गायब असेल तर एका कपाचे दोन टोक उलटे लागलेत.

गाद्यांचं. पापुद्रे निघतात ते पीयू रेक्झिनचे. हवेतली ओल आणि घाम त्या थराला आतून तोडतात, वापर कमी असला तरी. म्हणून पावसाळ्यात पिशवीत बंद ठेवलेला हेडफोन रोज वापरलेल्यापेक्षा आधी सोलतो. कार्यक्रम संपला की गादी कोरड्या सुती कापडाने पुसा, पंख्याखाली तासभर उघडी ठेवा, मग डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाकून ठेवा. सॅनिटायझर, स्पिरिट लावू नका, रेक्झिन कडक होऊन तडकतं. मखमली कापडाची गादी सोलत नाही, घामही कमी येतो, पण ती हवा सोडते. बेस आणि बाहेरच्या आवाजाची अडवणूक दोन्ही कमी होतात, त्यामुळे हळदीच्या कामाला रेक्झिनचीच ठेवा आणि बदलायचा खर्च धरून चला. जुन्या हेडफोनच्या भावात नव्या गाद्या आणि नवी वायर मिळवून बघा. बेरीज नव्याच्या पाऊण भावाच्या वर गेली तर नवाच घ्या, पक्क्या बिलासह.

घणसोली_डेक

जुना उद्या बघून येतो, मीटर मित्राकडून घेतलाय. एकच राहिलं. काही मिक्सरला मोठं भोक असतं, माझ्याकडे छोटं. जोड कोणता ठेवू?

सोल्डर_कळवा

हेडफोनची पिन ३.५ मिमीची असेल आणि मिक्सरला ६.३ चं भोक असेल तर आटे असलेला, फिरवून बसणारा जोड घ्या. नुसता सरकवून बसणारा नको, बेसच्या कंपनाने ढिला होऊन एक कान जातो. उलटं असेल, म्हणजे मोठी पिन आणि डीडीजे-४०० चं छोटं भोक, तर ताठ जोड अजिबात लावू नका. त्याचं आणि मोठ्या पिनेचं वजन मिळून तरफ तयार होते, वायरला पाय अडकला की कंट्रोलरच्या आतले सॉकेटचे टाकेच उखडतात. हातभर नव्हे, अर्धा वीत लांबीची मऊ वायर असलेला जोड मिळतो, एका टोकाला छोटी पिन, दुसऱ्या टोकाला मोठं भोक. तो लावा आणि हेडफोनच्या वायरला एक सैल वळसा देऊन वेलक्रोच्या पट्टीने टेबलाच्या पायाला बांधा. ओढ बसली तर पट्टीला बसेल.